जहाजाच्या पोटावरची रेघ

मांडव्याहून लाँचने गेटवेला जाताना तुम्ही काय करता? सीगल पक्ष्यांना कुरकुरे टाकता! (टाकू नका बरं, त्यांचं खाणं समुद्रात आहे.) आमची चौथीची सहल निघाली तेव्हा मी मुलांना सांगितलं, आज पक्षी नाही, जहाजं बघायची.

वाटेत बरीच मालवाहू जहाजं उभी होती. पुढच्या बाजूला काळा गोळा टांगलेला दिसला की समजायचं, नांगर टाकलाय. एका जहाजाचं लालभडक पोट पाण्याबाहेर आलं होतं, तर शेजारचं पार खाली बसलेलं. वर्गातली एक मुलगी एकदम घाबरली. "बाई, ते बुडतंय का?" तिचे बाबा मालवाहू जहाजावर खलाशी आहेत. सहा-सहा महिने घरी नसतात.

मी म्हटलं, "नाही गं. जे वर आलंय ते रिकामं, खाली बसलंय ते भरलेलं." तो लाल रंग शेवाळ नि कालवं चिकटू नयेत म्हणून लावतात. पाण्याखाली राहायचा रंग वर दिसला, म्हणजे पोटात माल नाही!

"पण जास्तच भरलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पूर्वी इंग्लंडमध्ये काही लोभी मालक जुनाट जहाजांत वाट्टेल तेवढा माल कोंबायचे. जहाज बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे, आणि खलाशी मात्र जिवानिशी जायचे. तिथल्या संसदेतले सॅम्युअल प्लिमसोल यासाठी भांडले. १८७६ मध्ये कायदा झाला, की प्रत्येक जहाजावर भाराची खूण हवीच. पण गंमत बघा, खूण कुठे काढायची ते मालकानंच ठरवायचं! म्हणजे चोराच्याच हाती तिजोरीची किल्ली. ती पळवाट १८९० च्या कायद्यानं बंद झाली.

ती खूण आजही असते. जहाजाच्या मधोमध, बाजूवर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ. शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा. 'टी' म्हणजे उष्ण समुद्र, 'एस' उन्हाळा, 'डब्ल्यू' हिवाळा. हिवाळ्यात समुद्र जास्त खवळतो, म्हणून ती रेघ खाली, म्हणजे माल कमी भरायचा. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, म्हणून 'एफ'ची रेघ वर. त्या त्या वेळची रेघ पाण्याखाली गेली, तर जास्त माल भरलाय असं समजायचं.

लाँचमधून ते वर्तुळ काही सगळ्यांना सापडलं नाही. दुर्बीण एकच, आणि मुलं चाळीस! शिडाचं जहाजही दिसलं नाही. नौदलाचं 'तरंगिणी' हे तीन डोलकाठ्यांचं, गोव्यात बांधलेलं जहाज २००३-०४ मध्ये जगाला फेरी मारून आलं. कधी बंदरात आलेलं दिसलं तर नशीबच.

संध्याकाळी परतताना एक मुलगा ओरडला, "बाई, सगळ्या जहाजांनी तोंडं फिरवली!" खरंच की. सकाळी भरती होती तेव्हा सगळी खुल्या समुद्राकडे तोंड करून होती, आता ओहोटीत उलटी. नांगरलेलं जहाज, वारा फार नसेल तर, येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभं राहतं. हे मी शिकवलं नव्हतं, त्यानंच पकडलं.

आणि ती मुलगी? तिची आई परवा शाळेत आली होती. म्हणाली, बाबांचा फोन आला की आता हिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाबा, रेघ दिसतेय ना?"