चिकटवहीतील अलंकार आणि औचित्य

‘चिकटवही’ हा शब्द शाळेच्या दप्तरापलीकडे फारसा गेलेला नाही आणि साहित्यविचाराने त्याची दखल घ्यावी असे कोणाला वाटलेलेही दिसत नाही. वस्तुतः निवडणे, कापणे, जुळवणे आणि खाली चार ओळी लिहिणे या क्रियांतून तयार होणारी ही वही म्हणजे पुष्कळ मुलांच्या हातून घडणारे पहिले संपादन असते. म्हणूनच तिच्या पानांवर सजावटीसाठी जे कागदी आकार चिकटवले जातात, त्यांचा विचार अलंकारशास्त्राच्या अंगाने करून पाहण्यासारखा आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील शाळांच्या प्रकल्पवह्या चाळताना हे आकार सतत समोर येतात. घोटीव कागद, बोथट कातर आणि कणकेची खळ यांची जागा आता तयार पाकिटांनी घेतली आहे. फुले, तारे, फुलपाखरे, जाळीदार कडा, चमकी लावलेली फोमची अक्षरे, सारे कापून तयार मिळते. यावरचे नेहमीचे दुःख असे, की हातचे कसब गेले आणि साचा आला. या सुरात सूर मिसळणे मला जमत नाही. साचा काही काल आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रंगीत चित्रे उठावदार छापून साच्याने कापली जात आणि अशी पानेच्या पाने इंग्लंडातील घरोघरच्या वह्यांत चिकटवली जात. आपल्या अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. आता त्याचे नाव ‘विमको नाका’ एवढ्यापुरते उरले आहे. काडेपेट्यांवरची चित्रे जमवून वहीत चिकटवणाऱ्या पिढ्यांनी तरी स्वतः काय कापले होते? छापही तयार होता आणि त्याची चौकटही. तरीही त्या वह्या आज वाचनीय वाटतात, कारण चिकटवलेली वस्तू हाच तेथे पानाचा विषय असे.

प्रश्न साच्याचा नसून जागेचा आहे. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून नेमकी हीच गोष्ट काव्यापुरती मांडली. कमरेचा दागिना गळ्यात आणि गळ्यातला कमरेला घातला तर शोभा दूर राहते आणि हसे होते, असा त्याच्या दृष्टांताचा आशय. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच शतकातले आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, आणि शिलाहार राजा मम्वाणी यांचा उल्लेख आहे. त्या मंदिराची बाहेरची भिंत नक्षीने गच्च भरलेली आहे, पण ती नक्षी भिंतीच्या कोनांबरोबर वळते आणि शिखराच्या उभ्या पट्ट्यांबरोबर वर चढते. अलंकार पुष्कळ असल्याने औचित्य बिघडते असे नाही, याचा याहून जवळचा पुरावा या गावांतल्या मुलांना दाखवता येणार नाही.

आता दोन पाने पाहा. एका वहीत २०१९ च्या जुलैमधील पुराचे पान होते. वांगणीजवळ पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचे छायाचित्र, आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत चमचमती गुलाबी फुलपाखरे. मजकूर स्वच्छ अक्षरात, कोठून तरी उतरवलेला. या मुलाच्या घरात तेव्हा पाणी शिरले होते की नाही, २००५ च्या २६ जुलैची आठवण त्याच्या घरात कोणी काढते की नाही, याचा पानावर मागमूस नाही. निबंधात ‘निसर्गाचे रौद्र रूप’ जसे येते तशीच ती फुलपाखरे आली होती, पाकिटातून काढून. घासून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाला फ्रेंचांनी ‘क्लिशे’ हे जे नाव दिले, ते मुळात मुद्रकाच्या ओतीव ठशाचे नाव आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरे पान उल्हासनगरच्या एका मुलीचे. विषय ‘आमच्या परिसरातील व्यवसाय’. तिने खाकी कागदाचा जीन्सच्या खिशाचा आकार चिकटवला होता, शेजारी डेनिमची कातरण. हा आकारही तिचा नव्हता. कारखान्यातल्या नमुन्यावरून उतरवलेला होता. खाली तिने लिहिले होते, की कापडाचे थरावर थर पसरतात, वर नमुने मांडून आखतात आणि मग यंत्राने एकदम कापतात. नमुने जितके चिकटून बसतील तितके कापड वाचते. कटिंग मास्तरची सारी विद्या त्या शेवटच्या वाक्यात आली आहे. आकार ठरलेलेच असतात, ते मांडायचे कसे यात त्याची बुद्धी दिसते. (आमच्या पद्यरचनेच्या तासाला वृत्ताविषयी याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.)

‘सजावट’ नावाच्या रकान्यात पहिल्या पानाला पाचपैकी पाच गुण होते, दुसऱ्याला दोन.

माझा आक्षेप आहे तो या रकान्याला. २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन झाले. हेतू चांगला होता. पाठांतराबाहेरचे मूल दिसावे, हाच. परंतु सजावटीला स्वतंत्र गुण दिले की अलंकार अर्थापासून तोडून मोजला जातो, आणि मग जो पाकीट विकत घेऊ शकतो त्याचे पान आपोआप सुंदर ठरते. ज्याच्या घरी जुने वर्तमानपत्र आणि भाताची शिते एवढेच आहे, तो मागे पडतो. कानडी, सिंधी, भोजपुरी, अहिराणी अशा कितीतरी घरभाषा घेऊन मुले या गावांतल्या शाळांत येतात. त्यांचे घर मराठीच्या वहीत येण्याचा एक रस्ता कागदाच्या अशा तुकड्यांतून जातो आणि तोच आपण चमकीने बुजवतो आहोत.

हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी मुलाला एक ओळ लिहू द्यावी: हे मी येथे का चिकटवले? फुलपाखराखाली काय लिहावे हे न सुचल्यामुळे कोणी ते काढून घेईल. कोणी असेही लिहील, की पूर ओसरल्यावर आमच्या अंगणात अशीच फुलपाखरे आली होती. मग ते पाकिटातले असले तरी मला चालेल. साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला यासाठी वेळ कोठून मिळणार, अशी शंका येईल. चमकी मोजण्यापेक्षा एक ओळ वाचायला कमी वेळ लागतो.