कुलूप तपासण्याचा अधिकार

इंग्रज सरकारने १८९८ मध्ये केलेल्या टपाल कायद्याने नागरिकांची पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. स्वातंत्र्याची पंचाहत्तरी उलटल्यावर, २०२३ मध्ये, संसदेने तो कायदा रद्द करून नवा केला. परंतु पत्रे अडवण्याचा अधिकार नव्या कायद्यातही शाबूत राहिला. त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला होता. हक्काची घोषणा आणि सत्तेचा प्रत्यक्ष व्यवहार यांत हे जे अंतर आहे, त्यामुळेच कूटबद्ध संदेशवहन ही सामान्य कार्यकर्त्याचीही गरज झाली आहे.

या क्षेत्रात ‘सिग्नल’चे नाव आदराने घेतले जाते आणि ते रास्तच आहे. पाठवणाऱ्याच्या यंत्रावर बंद झालेला संदेश घेणाऱ्याच्याच यंत्रावर उघडतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. सिग्नलने घडवलेली कूटपद्धती २०१६ पर्यंत व्हॉट्सॲपनेही संपूर्णपणे स्वीकारली. सिग्नल चालवणारी संस्था नफ्यासाठी काम करीत नाही. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांपैकी एक असलेले ब्रायन ॲक्टन यांनी दिलेल्या पाच कोटी डॉलरच्या आधारावर ती २०१८ मध्ये उभी राहिली. तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि तिचा परवानाही मुक्त सॉफ्टवेअरचाच आहे. असे असूनही, लिनक्सच्या सर्वांत प्रतिष्ठित वितरणांपैकी एक असलेल्या डेबियनच्या भांडारात सिग्नलला अद्याप जागा मिळालेली नाही. तशी मागणी डेबियनच्या नोंदवहीत २०१६ पासून आहे; ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्येही ती पूर्ण झाली नाही.

ही बाब वरवर पाहता तंत्रज्ञांच्या घरातली वाटेल. वस्तुतः ती लोकशाही व्यवस्थेच्या एका जुन्या प्रश्नाशी निगडित आहे.

डेबियन ही कंपनी नव्हे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवतात आणि १९९७ मध्ये त्यांनी वापरकर्त्यांशी केलेला ‘सामाजिक करार’ आजही त्यांच्या कामाचा पाया आहे. एखादा कार्यक्रम डेबियनमध्ये घ्यायचा, म्हणजे त्याचे ‘पॅकेज’ करायचे, तर त्याचे नियम कडक आहेत. मूळ आज्ञावली संपूर्ण उपलब्ध हवी. त्या आज्ञावलीतूनच कार्यक्रम बांधला गेला पाहिजे आणि बांधणी चालू असताना इंटरनेटवरून काहीही ओढून आणता येत नाही. कोणत्या भागाचा परवाना काय, याचा हिशेब द्यावा लागतो. एखाद्या स्वयंसेवकाला त्या पॅकेजची जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी लागते. कार्यक्रम करणारा आणि तो वापरणारा यांच्यामध्ये उभी असलेली ही सार्वजनिक तपासणी आहे. मालाची प्रत ठरवण्याचे काम केवळ मालाच्या उत्पादकावर सोडू नये, हेच तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

मग अडते कोठे? सिग्नलचा संगणकावरचा अवतार ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या सांगाड्यावर उभा आहे. या सांगाड्याच्या पोटात एक अख्खा ब्राउझर असतो, आणि त्यावर ठिकठिकाणांहून गोळा केलेले शेकडो लहानमोठे भाग रचलेले असतात. हे सारे डेबियनच्या नियमांनुसार मुळापासून बांधणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. दुसरी अडचण काळाची आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि एकदा निघाली की तिच्यात सहसा फेरबदल होत नाहीत. उलट, सिग्नलची प्रत्येक आवृत्ती सुमारे नव्वद दिवसांत कालबाह्य होते. त्यानंतर ती चालतच नाही. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण त्यांची चाल जुळत नाही. ‘टेलिग्राम’ मात्र डेबियनच्या भांडारात कधीचाच दाखल झालेला आहे. त्याच्यावरील नेहमीचे संभाषण आरंभापासून अंतापर्यंत कूटबद्ध नसते, ही विसंगती येथे नोंदवलीच पाहिजे.

परिणामी डेबियन वापरणाऱ्याला सिग्नलचे स्वतंत्र भांडार आपल्या संगणकाला जोडावे लागते. असे भांडार जोडणे म्हणजे एका संस्थेला आपल्या यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराची वाटणी देणे होय; कारण पॅकेज बसवताना त्यातील आज्ञा व्यवस्थापकाच्या पूर्ण अधिकारानिशी चालतात, आणि हे प्रत्येक सुधारणेच्या वेळी घडते. सिग्नलने या विश्वासाचा गैरवापर केल्याचा आरोप येथे करायचा नाही. परंतु ज्या व्यवस्थेत नागरिकाची सुरक्षितता एका संस्थेच्या सद्‌वर्तनावर अवलंबून असते, ती व्यवस्था संस्था चांगली असतानाही अपुरीच असते. समाजवादी विचाराने राज्यसंस्थेला आणि भांडवलाला लावलेली ही कसोटी सज्जनांच्या संस्थांना लावू नये, असे म्हणता येणार नाही.

सिग्नलची बाजूही ऐकली पाहिजे. तिचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, अनेकांच्या हाती विखुरलेली व्यवस्था जागच्या जागी गोठते, तर एका हाताखालची व्यवस्था वेगाने सुधारता येते. त्याच वर्षी ‘लिब्रसिग्नल’ या स्वतंत्र आवृत्तीने सिग्नलचे नाव आणि सर्व्हर वापरण्यास त्यांनी आक्षेप घेतला आणि तो उपक्रम बंद पडला. सुरक्षेतील छिद्र सापडल्यावर ते सर्वांच्या यंत्रांवर काही दिवसांत बुजले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा खराच आहे. मधला पॅकेज करणारा चुकतो, हेही खरे. २००६ मध्ये डेबियनमधील एका सद्‌हेतूने केलेल्या दुरुस्तीमुळे ‘ओपनएसएसएल’मधून निघणाऱ्या किल्ल्यांतील यदृच्छा जवळजवळ नाहीशी झाली. एकेका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या, आणि हा दोष उघडकीस यायला मे २००८ उजाडला.

तथापि दुसरे उदाहरणही तितकेच बोलके आहे. ‘एक्सझेड’ या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कार्यक्रमात, सुमारे दोन वर्षे विश्वास संपादन करून आत शिरलेल्या एका व्यक्तीने चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या डेबियन यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर का होतो, हे कोडे पडले. त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि कट उघडा पडला. तोवर तो चोरदरवाजा डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता; स्थिर आवृत्तीत मात्र पोचला नव्हता. ज्या संथपणाला दोष दिला जातो, त्यानेच येथे रक्षण केले. चूक मूळ निर्मात्याकडे होऊ शकते, तशी मधल्या तपासनिसाकडेही होऊ शकते. म्हणूनच दोघेही हवेत आणि दोघांचेही काम सर्वांना पाहता आले पाहिजे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ही चिंता परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्यात नोंदल्या गेलेल्या एल्गार परिषद प्रकरणात एका आरोपीच्या संगणकात हेरगिरीच्या कार्यक्रमाद्वारे बाहेरून कागदपत्रे घुसवण्यात आली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीतून फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. तपासयंत्रणेने तो मान्य केलेला नाही. परंतु प्रकरणाचा निकाल काहीही लागो, त्यातून एक धडा निघतोच: संदेश वाटेत कितीही सुरक्षित असला, तरी तो ज्या यंत्रावर लिहिला जातो त्या यंत्रात काय शिरते आहे, यावर पहारा नसेल तर कूटबद्धतेचे कवच फोल ठरते.

आणखी एक मुद्दा सत्तेच्या हस्तक्षेपाचा आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवादाचे कारण देऊन चौदा संदेशवहन ॲपवर बंदी घातली. त्यांत ‘एलिमेंट’ आणि ‘ब्रायर’ हे मुक्त सॉफ्टवेअरचे उपक्रमही होते. एखाद्या संस्थेचे एकुलते भांडार एका हुकुमाने बंद करता येते. डेबियनच्या भांडाराच्या मात्र जगभर शेकडो प्रती आहेत, आणि पॅकेज कोठूनही आणले, पेन ड्राइव्हवरून हातोहात पोचवले, तरी त्यावरील स्वाक्षरीची साखळी पडताळता येते. सर्व्हर एकाच संस्थेचा असल्याने सिग्नलचा सारा धोका याने टळणार नाही, हे खरे. ज्यांना तोही धोका नको, त्यांच्यासाठी कोणालाही आपला सर्व्हर चालवू देणारे ‘डिनो’ आणि ‘गाजिम’ हे कार्यक्रम डेबियनमध्ये आजच उपलब्ध आहेत.

मार्ग अशक्य नाही. ‘क्रोमियम’ ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या सुरक्षेच्या कारणास्तव डेबियन आपल्या स्थिर आवृत्तीतही देते; म्हणजे अपवादाचा पायंडा आहे. ‘आर्च’ या दुसऱ्या वितरणाने सिग्नलचे पॅकेज आपल्या अधिकृत भांडारात घेतलेलेच आहे. सिग्नलनेही २०१६ मध्ये आपल्या अँड्रॉइड आवृत्तीची बांधणी कोणालाही तंतोतंत पुन्हा करून पडताळता येईल अशी सोय केली होती. हाच उदारपणा तिने वितरणांच्या बाबतीत दाखवावा. आज्ञावलीची रचना पॅकेज करणाऱ्यांना पेलेल अशी ठेवावी आणि नव्वद दिवसांच्या मुदतीबाबत त्यांच्याशी बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उरतो श्रमाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हे काम बहुतांशी विनामोबदला होते. एक्सझेडमध्ये घुसखोरी शक्य झाली, त्याचे एक कारण तो कार्यक्रम सांभाळणारा एकटा आणि थकलेला होता, हे होते. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी प्यावे आणि गाळ मात्र एकाच माणसाने उपसावा, हा व्यवहार न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली होती. भारतात या कामाची जाण असलेली माणसे आहेत, याचा तो पुरावा होता. पुरोगामी संघटनांनी आपल्या सभासदांना सिग्नल वापरा एवढे सांगून थांबू नये. संघटनांतील संगणक जाणणाऱ्या तरुणांनी पॅकेजची चाचणी, दोषांची नोंद आणि भाषांतर यांपैकी जे जमेल ते अंगावर घ्यावे, आणि संघटनांनी त्यासाठी त्यांना वेळ व थोडाफार पैसा द्यावा. प्रत्येकाने स्वतः कुलूप उघडून पाहावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु ते उघडून पाहणारे लोक आपल्यात असावेत, एवढी तजवीज संघटनेला निश्चित करता येईल.