दारापुढचा रस्ता कोणाचा?

विजयादशमी आणि वाहनखरेदी हे समीकरण मराठी कुटुंबांत आता रूढ झाले आहे. सार्वजनिक दसऱ्यासाठी ख्यातनाम असलेल्या हिंगोलीतही त्या दिवशी नव्या गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. कष्टाच्या पैशातून गाडी घेणाऱ्याच्या आनंदाला नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पूजा आटोपल्यानंतरचा. खासगी मोटार दिवसाकाठी जेमतेम तास-दीड तास धावते. उरलेला वेळ ती उभी असते. घराच्या आवारात जागा नसेल तर ती उभी राहते सार्वजनिक रस्त्यावर, आणि तीही विनामूल्य!

सारी मेख या ‘विनामूल्य’ शब्दात आहे. राज्याच्या बांधकाम नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी १२.५ चौरस मीटर जागा धरली जाते. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. म्हणजे सेनगाव-कळमनुरीकडील गरीब कुटुंब ज्या जागेत संसार थाटते, तिच्या निम्मी जागा एक मोटार अडवते. त्या जागेची किंमत कोणी तरी मोजतच असतो. रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून शाळेत जाणारी मुले ती मोजतात, पायी चालणारे वृद्ध मोजतात. इमारतींतही वेगळे घडत नाही. खुली वा तळमजल्यावरील पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. ग्राहकाच्या दृष्टीने तो हितकारकच; परंतु त्या जागेचा खर्च सदनिकेच्या किमतीत मिसळतो आणि गाडी नसलेले कुटुंबही तो भरते.

जे फुकट मिळते, त्याला मर्यादा राहत नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे सोडतीने घरे मिळालेल्या कुटुंबांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पार्किंग नसलेल्या इमारतींच्या तुलनेत, घरटी एक जागा असलेल्या इमारतींत मोटारींचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. घरे सोडतीने मिळालेली असल्याने गाडीची हौस असणारेच तेथे राहावयास गेले, असेही म्हणता येत नाही. एकदा गाडी दाराशी आली की भाजी आणायलाही तीच बाहेर निघते. अशा लहान फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि अंतराच्या मानाने धूर अधिक सोडते. घरापुढचा फुकटचा वाहनतळ आणि हवेतील विष यांचे नाते हे असे आहे.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने जमिनीच्या मूल्याशी सुसंगत पार्किंग शुल्क आकारावे, असे सुचविले होते. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण संमत केले. पण विरोधाचे असे वादळ उठले की प्रथम पाच रस्त्यांपुरता प्रयोग ठरला, आणि तोही रेंगाळला. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय वाहननोंदणी न करण्याची भूमिका जाहीर केली. जपानने असा कायदा १९६२ मध्येच केला होता!

शुल्क म्हणजे सरकारी लूट, ही शंका निराधार नाही. म्हणूनच काही पथ्ये पाळावी लागतील. पहिल्या गाडीला माफक आणि दुसरीला चढता दर असावा. रिक्षाचालकासारख्या वाहनावर पोट असणाऱ्यांना आणि दिव्यांगांना सवलत असावी. जमा झालेला पैसा त्याच वस्तीतील पदपथांवर व बससेवेवर खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब चौकात लावला जावा. वेळेवर धावणारी एसटी नसेल, तर असे शुल्क केवळ दंड ठरेल.

१ मे १९९९ रोजी जिल्ह्याचा दर्जा मिळालेल्या हिंगोलीसारख्या शहरांपुढे मोठी संधी आहे. मुंबई-पुण्याने रस्ते आधी गाड्यांनी भरू दिले आणि नियमांचा विचार मागाहून केला. तेथे आता प्रत्येक सुधारणा ही हिरावून घेतल्यासारखी वाटते. हिंगोलीने नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर होतानाच हा विचार केला, तर ती कटुता टळेल.

तथापि सर्व काही नगरपरिषदेवर सोपवून भागणार नाही. दुसरी गाडी खरोखर हवी आहे काय, हा प्रश्न प्रथम घरातच विचारला गेला पाहिजे. स्वतःचे अंगण झाडून कचरा रस्त्यावर लोटणाऱ्याला समाज नावे ठेवतो. अंगण मोकळे ठेवून गाडी रस्त्यावर लोटणाऱ्याला निराळा न्याय का असावा?