पापलेट आहे का?

तलावपाळीला सकाळी दोन फेऱ्या मारून मी टेंभी नाक्याकडे परत निघालो की वाटेत कोणीतरी हमखास गाठतं. निवृत्त मास्तर म्हणजे फुकटची चौकशी-खिडकी, त्यातून मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. सुट्ट्या जवळ आल्या की प्रश्न ठरलेला. "सर, कोकणात चाललोय. एखादं नवीन हॉटेल सांगा ना, जेवण चांगलं असेल असं."

पूर्वी मी उत्साहाने नावं सांगायचो. अलिबागला हे, गुहागरला ते, मालवणला अमक्याकडे जा. विचारणाराही तिथल्या तिथे फोन काढून त्या हॉटेलाला किती तारे मिळालेत ते बघायचा आणि समाधानाने मान डोलवायचा. हल्ली मी नावं सांगत नाही. त्याचं कारण 2024 च्या जूनमध्ये घडलं. त्यात चूक माझी होती, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

मुलगा, सूनबाई, नातू, आमच्या सौ. आणि मी असे गाडीने दापोलीला निघालो होतो. लोणेऱ्याहून आंबेतचा रस्ता धरला, मंडणगड मागे पडलं आणि पावसाने जो सूर लावला तो काही सोडला नाही. हर्णैच्या अलीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने घरातच खानावळ सुरू केल्याचं कानावर आलं होतं. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात होती. लग्न होऊन दापोली तालुक्यात गेली. नवऱ्याची पुण्याची नोकरी टाळेबंदीत सुटली आणि दोघं गावी येऊन राहिली. तेवढ्यात 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतली निम्म्याहून जास्त नारळी-पोफळी एका दुपारी आडवी झाली. नारळाचं रोप आज लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून खानावळ. कोकणात गेल्या काही वर्षांत रस्त्याच्या कडेला ज्या नव्या पाट्या दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच पाट्यांमागे अशी एखादी हकिगत असते. आपण फक्त पाटी वाचतो.

पडवीला पुढे पत्रे वाढवून चार टेबलं मांडलेली. बाहेर रंगवलेली पाटी. पापलेट थाळी, सुरमई थाळी, कोळंबी थाळी, चिकन थाळी. खाली तिरक्या अक्षरांत, "पंजाबी, चायनीज ऑर्डरप्रमाणे." तिने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, सौ.ना आत नेऊन कुंकू लावलं. तीसेक वर्षांनी भेट होत होती. आणि मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पापलेट आहे का गं?"

जून संपत आला होता. समुद्र नुसता खवळलेला. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ असतो, हे मला ठाऊक होतं. मी ते वर्गात शिकवलंय. तरीही विचारलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आहे सर."

नातवाने पनीर मागितलं. तेही "आहे" झालं.

ताट आलं. मासा बर्फातला होता, कुठल्या किनाऱ्यावरून किती दिवसांनी आला होता देव जाणे. आकार तळहाताएवढा. वर लाल मसाल्याचं जाड पुटण, त्यामुळे चव लागण्याचा प्रश्नच नव्हता. पनीर बाहेर मिळतं तसंच. आम्ही "छान आहे, छान आहे" म्हणत जेवलो. म्हणजे पुढे कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ठीक आहे हो, काही खास नाही.

हात धुवायला मागच्या पडवीत गेलो आणि वास आला. लसणीची फोडणी, आमसुलं घातलेली कुळथाची पिठी, शेजारी चुलीत भाजलेली सुकट. तिच्या सासूबाई पाटावर जेवायला बसल्या होत्या. ताटात गरम भात, पिठी आणि आठळ्या घालून केलेली टाकळ्याची भाजी. पन्नास-साठ वर्षं मागे गेलो. माझी आई आषाढात अगदी हेच रांधायची.

"अगं, हे आम्हाला का नाही वाढलंस?" मी विचारलं.

"सर, ते आमचं घरचं. ते तुम्हाला कसं वाढू?"

मी काही बोलायच्या आत तीच हसून म्हणाली, "आणि तुम्हीच नाही का सर, सहावीत 'माझा आवडता पदार्थ' निबंध दिला होता? मी पिठी-भात आणि सुकट लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईने शेरा दिलात, 'निबंधाला शोभेल असा पदार्थ निवडावा.' मग पुढच्या वेळी मी श्रीखंड-पुरी लिहिलं. दहापैकी सात मिळाले."

ती हसत होती. मला मात्र हसता येईना. मला तो निबंध आठवत नव्हता, पण शेरा माझाच होता यात शंका नाही. असे शेरे मी किती वह्यांवर मारले असतील. घरी स्वतः पिठी-भात भुरकून शाळेत यायचो आणि मुलांना श्रीखंड लिहायला लावायचो. बाहेरच्या माणसासमोर आपलं ताट झाकून ठेवायचं असतं, हे त्या मुलीला मी शिकवलं. तिने ते नीट लक्षात ठेवलं आणि तीस वर्षांनी मलाच वाढलं, पापलेट.

तर माझं म्हणणं असं आहे. कोकणातली नवी हॉटेलं सगळी सारखीच वाटतात अशी तक्रार आपण ठाण्या-डोंबिवलीची, पुण्या-मुंबईची माणसं करतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तेच चार मासे, तीच लाल ग्रेव्ही, तेच पनीर. पण तो मेनू लिहिला कोणी? त्या पाटीवरची प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाने लिहून घेतलेली आहे. एका गाडीने पापलेट नाही म्हणून गाडी वळवली, दुसरीतल्या मुलांनी नूडल्स मागितल्या, तिसरीने विचारलं, "साधं पंजाबीही नाही?" चौथी गाडी यायच्या आत पाटी रंगवून झाली.

आणि पापलेटच का, हेही विचारायला हवं. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, ते काही त्याची थाळी स्वस्त व्हावी म्हणून नव्हे. मासा कमी होत चालला, लहान पिल्लंच जाळ्यात येऊ लागली, म्हणून त्याच्याकडे लक्ष वेधायला. तळहाताएवढं पापलेट ताटात येतं तेव्हा त्याने बहुधा अंडीच घातलेली नसतात. पूर्व किनाऱ्यावर बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे आपल्याकडे बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना तिकडचा मासा बर्फात घालून इकडे येऊ शकतो. मिळतो, नाही असं नाही. पण दापोलीत बसून, समोर समुद्र गर्जत असताना, तो खाण्यासाठी आपण एवढा घाट उतरून का जायचं? तो इथे जांभळी नाक्याजवळही मिळाला असता.

पावसाळ्यात कोकणात खायला काही नसतं हा आपला मोठा गैरसमज. आगोट भरणं म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला विचारा. मे महिन्यात घरोघरी बेगमी सुरू असते. सुकट, सोडे, सुके बांगडे, बोंबील उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरायचे. कुळीथ भाजून दळून ठेवायचे. आमसुलं, आंबोशी, फणसाच्या आठळ्या, वाल, कडवे, पोह्याचे पापड. पहिला पाऊस पडला की टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू रानातून आपणहून हजर. पावसाळ्यात समुद्र बंद असतानाही माणसं पोटभर आणि चवीने जेवत, त्यामागे बायकांच्या कित्येक पिढ्यांचं शहाणपण आहे. ते स्वयंपाकघरात अजून शाबूत आहे. फक्त पाटीवर नाही.

कोकणी बाईच्या हातच्या रोजच्या जेवणावर मुंबई एकेकाळी उभी होती, हे आपण विसरतो. गिरणगावात गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवायचे. दहा बाय बाराच्या खोलीत ती बाई पाळीप्रमाणे वीस-पंचवीस ताटं वाढायची. अशा बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग ती गिऱ्हाइकंही गेली. त्या कामगाराने कधी मेनूकार्ड मागितलं नाही. तो आला की विचारायचा, "मावशी, आज काय आहे?" आणि जे असेल ते जेवायचा, कारण घरी असतं तर तेच जेवला असता.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर म्हाताऱ्याचं आमच्या काळीपुराण व्हायचं. सुट्टीला चार पैसे खर्चून गेलेल्या माणसाने त्याला हवं ते का मागू नये? लहान मुलं रुसली तर? या गोष्टी मी माझ्या विद्यार्थिनीशीही बोललो. ती व्यवहारी आहे. म्हणाली, "सर, पाटीवर पिठी-भात लिहिला तर गाडी थांबत नाही. थांबली तर म्हणतात, याचे दोनशे रुपये? पनीरला तीनशे देताना कोणी बोलत नाही." या तिच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रस-शिरवाळ्यांना अर्धा दिवस जातो, पण माणसाच्या मनात ते घरचं, म्हणून स्वस्त. घरच्या बाईचे कष्ट आपण कधी मोजले नाहीत, ती सवय आपण हॉटेलातही घेऊन जातो.

तरी पाटी बदलू शकते, हे मला आपल्याच भागात दिसतं. कल्याण-डोंबिवली-भिवंडीकडे आगरी जेवणाच्या पाट्या आता अभिमानाने झळकतात. डोंबिवलीच्या आगरी महोत्सवात तांदळाच्या भाकरीसाठी लोक रांगा लावतात. हीच भाकरी डब्यात आणणारी मुलं एकेकाळी वर्गात डबा मांडीवर झाकून खायची, मी पाहिलंय. गिऱ्हाइकाने मागितली, पाटीवर आली. आपल्या मामलेदार कचेरीजवळची मिसळ घ्या. तिथे गेलेला माणूस मिसळच मागतो, दुसऱ्या कशासाठी हट्ट करत नाही. जिथलं जे चांगलं ते मागण्याचं शहाणपण आपल्याकडे आहे. ते ठाण्याची हद्द ओलांडली की कुठे जातं?

म्हणून आता तलावपाळीवर कोणी विचारलं की मी हॉटेलचं नाव न सांगता एवढंच सांगतो. चार टेबलांची जागा बघा, जिथे घरातली माणसंच रांधतात. शक्य तर आदल्या दिवशी फोन करा, कारण घावन-आंबोळ्यांचं पीठ आयत्या वेळी होत नाही. जून-जुलैत ताज्या मोठ्या माशाचा आग्रह धरू नका, सुकं खा, रानभाजी खा. घरच्या जेवणाचे पैसे कमी करून मागू नका. आणि पाटी वाचायच्या आधी विचारा, "आज घरात काय केलंय?" समोरची बाई थोडी थांबेल, तुमच्या तोंडाकडे बघेल. हा माणूस खरंच विचारतोय की थट्टा करतोय, असं तिला वाटेल. पुन्हा विचारा.

त्या दिवशी मी पुन्हा पाटावर बसलो. पोट भरलेलं असूनही पिठी-भात मागून घेतला. नातवाने माझ्या ताटातली सुकट चाखली, नाक मुरडलं आणि मग थोडी आणखी मागितली. निघताना मी तिला म्हटलं, "तो निबंध आता पाहिजे होता गं. मार्क वाढवून दिले असते."

"राहू द्या सर," ती म्हणाली, "वही वादळात गेली."

यंदा तिचा फोन आला होता. मोठी पाटी तशीच आहे, पापलेटही आहे. तिच्याखाली नवऱ्याने एक काळा फळा टांगलाय आणि रोज सकाळी ती त्यावर खडूने लिहिते, "आज घरात." कधी दोन गाड्या ते बघून थांबतात, कधी संध्याकाळी घरातलीच माणसं ते संपवतात. फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, पण आता तपासायला जाणार नाही.

परवा जांभळी नाक्यावर शेवळं आली होती. शहापूरकडच्या मावशी जुड्या घेऊन बसल्या होत्या, शेजारी काकडांचे वाटे. दोन जुड्या घेतल्या. बाजूला उभी असलेली एक तरुण मुलगी विचारत होती, "हे काय आहे? कुठल्या हॉटेलात मिळतं?"

मावशी म्हणाल्या, "हाटेलात नाय मिळत बाय. घरी ये, दाखवते."