आधी कागद, मग यंत्र

लष्कराच्या उड्डाण शाखेत हेलिकॉप्टर चालविणारा माझा भाचा, ज्याचे शिक्षण नाशिकच्या गांधीनगर येथील लष्करी उड्डाण प्रशिक्षणशाळेत झाले, गेल्या दिवाळीत रजेवर आला असता अकोल्याला आमच्या घरी जेवावयास बसला होता, आणि बोलता बोलता वरणाच्या पातेल्यातली पळी डाव्या हातात घेऊन तो मला एक गोष्ट समजावून सांगू लागला. ‘‘मामाजी, हे पाहा,’’ तो म्हणाला, ‘‘आमच्या यंत्रात ताकद वाढवायची म्हणजे आसनाच्या डावीकडचा दांडा असा वर उचलायचा. आणि त्या अमेरिकन ऑस्प्रेत ताकद वाढवायची म्हणजे दांडा असा पुढे लोटायचा.’’ पळी पुढे गेली तेव्हा त्याचे मनगट क्षणभर अडखळले. हजारो वेळा वर उचलण्याची सवय झालेल्या हाताला ती नवी दिशा जेवणाच्या पाटावरसुद्धा सहज साधली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले, आणि या लेखाचा विषय मला तेथेच सापडला.

तो ज्या यंत्राविषयी बोलत होता त्यास टिल्टरोटर म्हणतात. पंखांच्या दोन्ही टोकांस एकेक प्रचंड चाती असते. त्या चात्या आकाशाकडे तोंड करून फिरू लागल्या की यंत्र हेलिकॉप्टराप्रमाणे जागच्या जागी उचलले जाते, आणि पुरेशी उंची व गती आल्यावर त्या हळूहळू पुढे झुकल्या की तेच यंत्र विमान होऊन धावू लागते. या जातीचे व्ही-22 ऑस्प्रे 19 मार्च 1989 रोजी प्रथम उडाले आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या मरीन दलात प्रत्यक्ष कामावर रुजू झाले. पुढे 5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकन लष्कराने आपल्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांपैकी काहींची जागा घेण्यासाठी बेल कंपनीचे व्ही-280 व्हॅलर हे टिल्टरोटर पसंत केले, आणि तेव्हापासून तेथील हेलिकॉप्टर-वैमानिकांपुढे हातातले ओळखीचे यंत्र सोडून या नव्या यंत्राकडे जावे की न जावे, हा प्रश्न उभा आहे. आपल्या सैन्याच्या ताफ्यात टिल्टरोटर आजमितीस नाही. परंतु जुने यंत्र सोडून नवे हाती घेण्याचा प्रश्न आपल्या वैमानिकांनाही चुकलेला नाही, आणि म्हणून परदेशातील त्या प्रश्नाकडे वऱ्हाडातून पाहण्यास मी हक्कदार आहे असे मला वाटते.

या यंत्राचा मोह किती स्वाभाविक आहे हे आमच्या मुलखातील माणसास निराळे सांगावयास नको. अकोल्याच्या शिवणीचे विमानतळ 1943 साली बांधले गेले आणि त्याची धावपट्टी लांबविण्याचा प्रश्न जमिनीच्या कज्ज्यात वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. अमरावतीच्या बेलोऱ्यास धावपट्टी 1850 मीटरपर्यंत वाढून मुंबईचे प्रवासी विमान सुटावयास 16 एप्रिल 2025 हा दिवस उजाडावा लागला. अशा मुलखात धावपट्टीवाचून उतरणारे आणि तरीही ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास धावणारे वाहन म्हणजे वरदानच वाटावे. अकोल्याहून नाशिक हवाई मार्गाने साधारण साडेतीनशे किलोमीटर. ‘चीता’ हेलिकॉप्टरास तेथे जावयास पावणेदोन-दोन तास लागतील, ते अंतर टिल्टरोटर पाऊण तासाच्या आत तोडील. पावसाळ्यात रस्ते तुटलेल्या मेळघाटातील एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीस उचलून नागपूरच्या रुग्णालयात पोचविण्याची कल्पना केली, अथवा हिमालयातील एखाद्या ठाण्यावरून घायाळ जवानास आणण्याची कल्पना केली, म्हणजे या तासाभराच्या बचतीची किंमत किती मोठी आहे ते कळते. ती किंमत मी नाकारीत नाही. वैमानिकही ती नाकारीत नाहीत, आणि नव्या यंत्राविषयी शंका काढणारा वैमानिक हा जुन्यास कवटाळून बसलेला किंवा मनाने कच्चा मनुष्य असतो, हा जो समज दप्तरी वर्तुळात कधी कधी आढळतो, तो मला सर्वथा अन्यायाचा वाटतो.

यंत्र बदलणे म्हणजे प्रथम शरीर बदलणे होय. मूर्तिजापूरवरून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या आमच्या शकुंतला गाडीचे, मँचेस्टरला 1921 मध्ये घडविलेले वाफेचे इंजिन 1994 साली काढून तेथे डिझेलचे इंजिन जोडले गेले, तेव्हा भट्टीच्या आवाजावरून चढ ओळखणाऱ्या चालकांच्या कानांचे सारे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी झाले असेल. पण शकुंतला रुळावर होती आणि तिची चाल बैलगाडीहून फार निराळी नव्हती. चुकलेल्या हातास सावरण्यास तेथे अवकाश होता. ऑस्प्रेमध्ये दांडा पुढे लोटावयाचा, त्याच दांड्यावर अंगठ्याखाली असलेल्या लहानशा चक्रीने दोन्ही चात्यांचा कल सांभाळावयाचा, आणि जमीन शे-दोनशे फुटांवर आली असता हे यंत्र या क्षणी विमान आहे की हेलिकॉप्टर याचे भान क्षणभरही सुटू द्यावयाचे नाही. सरावाने हे सारे साध्य होते. शेकडो वैमानिकांनी ते साध्य करून दाखविले आहे. हाताचा प्रश्न म्हणून शेवटी सुटतो. न सुटणारा प्रश्न विश्वासाचा आहे, आणि त्याची मुळे दोन अपघातांच्या हकिकतींत आहेत.

8 एप्रिल 2000 च्या रात्री ॲरिझोनातील मराना येथे सरावासाठी उतरत असलेले एक ऑस्प्रे उलटून कोसळले आणि त्यातील 19 मरीन मृत्युमुखी पडले. पुढे जाण्याची गती कमी आणि खाली येण्याची गती अधिक झाली म्हणजे चाती स्वतःनेच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते व तिची उचल नाहीशी होते, हा धोका हेलिकॉप्टर-वैमानिकांस पूर्वापार ठाऊक आहे. परंतु टिल्टरोटरास दोन चात्या शेजारी शेजारी असल्यामुळे एक भोवऱ्यात सापडली आणि दुसरी सापडली नाही तर यंत्र खाली बसण्याऐवजी एका कुशीवर उलटते, आणि त्या रात्री उजवी चाती आधी सापडली. या अवस्थेच्या ज्या चाचण्या आधी पुरत्या व्हावयास हव्या होत्या, त्यांना कात्री लागलेली होती. असे असता अधिकृत निवेदनांचा रोख चालक जॉन ब्राउ आणि ब्रुक्स ग्रुबर यांच्याकडेच राहिला. त्यांच्या पत्नींनी पतींचे नाव निष्कलंक व्हावे म्हणून दारोदार अर्ज केले, लोकप्रतिनिधी वॉल्टर जोन्स यांनी त्यांची बाजू वर्षानुवर्षे लावून धरली, आणि 2016 मध्ये उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांनी वैमानिकांची चूक हेच अपघाताचे मुख्य कारण मानणे योग्य नव्हे असे लेखी मान्य केले. सोळा वर्षे! वडील गेले तेव्हा रांगत असलेले मूल तोवर दहावी-अकरावीत पोचते.

दुसरी हकीकत 29 नोव्हेंबर 2023 ची, जपानच्या याकुशिमा बेटाजवळची. या यंत्रांच्या दंतचक्र-पेटीतील तेलात एक लहानसे लोहचुंबक बसविलेले असते. चाकांचे दात झिजून सुटलेला धातूचा बारीक कण तेलाबरोबर वाहत येऊन त्या चुंबकास चिकटला की विजेच्या झटक्याने तो जाळून टाकला जातो, आणि वैमानिकापुढे तशी सूचना उमटते. कण क्षुल्लक असेल तर जळून जातो. जळत नाही तेव्हा काहीतरी मोठे तुटू लागले आहे असे समजावे. त्या दिवशी ही सूचना एकामागून एक पाच वेळा उमटली, आणि त्यानंतरचा कण जळलाच नाही. पेटीतील एका चक्रास तडा गेला होता. तो वाढत गेला आणि किनारा दृष्टिपथात असताना ते यंत्र आठ जणांसह समुद्रात पडले. चौकशी मंडळाने वैमानिकाने उतरण्याचा निर्णय लांबविला असा दोष दिला, आणि तो देताना हेही नोंदविले की या पेटीच्या धोक्यांविषयी पूर्वी झालेल्या तपासण्यांचे निष्कर्ष प्रकल्पाच्या कचेरीतून सैन्यदलांपर्यंत नीट पोचविले गेले नव्हते. ही दोन वाक्ये एकत्र वाचल्यावर माझे मन विषण्ण झाले. त्या सूचनेचा खरा अर्थ ज्यास सांगितलेला नव्हता, त्याने तो वेळीच ओळखावयास हवा होता, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

आपल्याकडे पाहू. ‘चेतक’ आणि ‘चीता’ ही मूळची फ्रेंच आराखड्याची हेलिकॉप्टरे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात कित्येक दशकांपूर्वी बनू लागली, सियाचेनच्या उंचीवर त्यांनी अतुलनीय सेवा केली, आणि आज त्यांचे वय त्यांना चालविणाऱ्या बहुतेक अधिकाऱ्यांच्या वयाहून अधिक आहे. त्यांच्या अपघातांनी अस्वस्थ होऊन लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संघटित होऊन 2015 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापुढे आपली कैफियत मांडली होती. जुन्यास चिकटून राहणे म्हणजे सुरक्षित राहणे, असा निष्कर्ष म्हणूनच कोणी काढू नये. विलंबानेही बळी जातात. उलट 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाच्या ‘ध्रुव’ला अपघात होऊन तिघे दगावले, तेव्हा तिन्ही दलांतील सारी ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरे जमिनीवर उतरविण्यात आली आणि लष्कराच्या व वायुदलाच्या यंत्रांस जवळजवळ चार महिन्यांनी उड्डाणाची परवानगी मिळाली. हा निर्णय मला अतिशय आदरणीय वाटतो. सीमेवर निकड असतानाही यंत्र थांबविण्याची हिंमत ज्या व्यवस्थेत आहे, त्या व्यवस्थेस त्याच हिमतीने कागदही उघडता येतील.

माझी मागणी एवढीच आहे. लष्करी अपघातांच्या चौकशीचे अहवाल आपल्याकडे सहसा जनतेपुढे येत नाहीत, आणि त्यास गोपनीयतेचे कारण दिले जाते. शस्त्रे, मोहिमा, ठाण्यांच्या जागा, हे सारे झाकलेच पाहिजे. त्यात तिळमात्र मतभेद नाही. पण तेलातील धातूचा कण हे कोणते राजकीय गुपित? तडा गेलेल्या चक्राचे छायाचित्र शत्रूच्या हाती लागले तर त्यास त्यातून काय मिळणार? उलट, ज्या वैमानिकास उद्या तेच यंत्र उडवावयाचे आहे त्यास त्यातून स्वतःचे प्राण मिळू शकतात. कोणतेही नवे यंत्र, मग ते परदेशी टिल्टरोटर असो की बंगळुरूत बनलेले हलके हेलिकॉप्टर असो, दलात घेण्यापूर्वी त्याच्या साऱ्या ज्ञात दोषांची यादी, तहकूब ठेवलेल्या चाचण्यांसह, ते चालविणाऱ्यांच्या हाती द्यावी. त्यांचा अभिप्राय लेखी घ्यावा आणि खरेदीच्या मिसलीत तो जोडावा. आणि अपघात झालाच, तर ज्या घरातला माणूस गेला त्या घरास अहवालाचा तांत्रिक भाग विनाअर्ज मिळावा. बेलोऱ्यास एअर इंडियाची मोठी वैमानिक-शाळा उभी राहण्याचे 2024 मध्ये जाहीर झाले आहे. वऱ्हाडातील कितीतरी मुले आता या व्यवसायाकडे वळतील आणि त्यातली काही सैन्यातही जातील. त्यांच्या आईबापांच्या वतीने हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

भाच्याला मी त्या दिवशी सरळच विचारले होते, की उद्या असे यंत्र आपल्याकडे आले तर तू जाशील का? त्याने हात धुतले, उठून आपली पिशवी आणली आणि त्यातून एक जाड बाड काढले. याकुशिमाच्या अपघाताचा तो अमेरिकन अहवाल होता, तिकडच्या सरकारने सर्वांस खुला केलेला, आणि त्याने अकोल्यातल्याच एका झेरॉक्सच्या दुकानातून छापून बांधून घेतलेला. चुंबकाच्या सूचनांची वेळ जेथे नोंदविली होती तेथे समासात त्याने पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. ‘‘हे पुरतं वाचून झालं की सांगतो, मामाजी,’’ तो म्हणाला. रजा संपवून जाताना ते बाड तो आमच्याकडेच ठेवून गेला आहे. वाचता वाचता जेथे थांबला त्या पानात त्याने रेल्वेचे तिकीट घालून ठेवले आहे.