मातीला भिऊ नका, पाण्याला भ्या

संध्याकाळी बागेतल्या एखाद्या बाकावर दहा मिनिटं नुसतं कान देऊन बसावं. दीड-दोन वर्षांच्या पोरांना काय काय ऐकावं लागतं ते कळतं. खडा उचलला की ‘छी, टाक ते!’ पळायला लागलं की ‘पडशील!’ मातीत हात घातला की ओला रुमाल तयार. आणि हेच पोर घरी आल्यावर मोरीत भरलेल्या बादलीजवळ खेळत असतं, दारात कुरिअरवाला आलेला असतो, आणि पोराकडे कुणाचंच लक्ष नसतं. आईबाप निष्काळजी असतात असं मुळीच नाही. काळजी भरपूर आहे, पण ती नको तिथे खर्च होते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी आणि त्याला बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून जास्त अडकवून ठेवू नये, असं त्यात आहे. तीन तासांचा आकडा ऐकून दडपून जाऊ नका. जिना चढणं, कबुतरामागे धावणं, आजोबांबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणणं, सगळं यात धरायचं. पण दोन खोल्यांच्या घरात हे तीन तास भरत नाहीत, हे ज्याच्या घरी असं पोर आहे त्याला सांगायला नको. मग हातात मोबाइल येतो. दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पोराला चपला घालून खाली नेणं. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या, आणि पत्र्याच्या घसरगुंडीवर बसवण्याआधी तिला आपला हात लावून बघा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून पावसाळ्यात अंगभर सुती कपडे घाला.

खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, ते शंख-शिंपले, बिया, पानं आणि माती यांच्या जोरावर. आजही दोन वर्षांचं पोर महागड्या गाडीपेक्षा तिच्या खोक्यात जास्त रमतं. त्याला डबा, पाणी आणि माती द्या आणि बाजूला बसा. ‘असं नाही, असं कर’ म्हणू नका.

पडणारच. पडलं की लगेच किंचाळून उचलू नका. पोर आधी तुमच्या तोंडाकडे बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं. ‘ऊठ, मुंगी मेली बघ’ हे आपल्या आज्यांचं औषध अजून लागू पडतं. खरचटलं तर साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा. दीड वर्षाच्या सुमाराचा त्रिगुणी लशीचा बूस्टर झाला आहे ना, तेवढं कार्डावर तपासा. डोक्याला मार लागून उलट्या झाल्या, पोर गुंगीत गेलं किंवा शुद्ध हरपली, तर मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पोराला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरणं सुरक्षित वाटतं, पण त्याचा पाय कडेला अडकतो, वरून आपलं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरलं असतं तर ते तिथेच थांबलं असतं.

मातीतून जंत होतात, हे खरं. त्यावर उपाय खेळून आल्यावर हात धुणं, नखं कापणं आणि उघड्यावर शौचाला जातात त्या जागेपासून दूर खेळवणं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, ती चुरून पाण्यातून द्यायची.

आता पाण्याचं. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. पोर बादलीत वाकलं आणि तोल गेला की त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. वीतभरही पाणी लागत नाही. आणि बुडणारं पोर ओरडत नाही, हात मारत नाही. शेजारच्या खोलीत काही ऐकू येत नाही. म्हणून बादली वापरून झाली की उलटी ठेवा. मोरीच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी लावा. पिंपाला घट्ट झाकण हवं, अंगणातल्या हौदाला जाळी. मार्च 2024 मध्ये मुंबईत वडाळ्याला एका सार्वजनिक बागेतल्या नीट न झाकलेल्या टाकीत पडून दोन चिमुकले भाऊ गेले. खेळायलाच आले होते.

गावाकडे शेततळी झाली, पाण्याची सोय झाली, चांगलंच झालं. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याच्या काठावरून पाय घसरला तर पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण घाला आणि आत सोडलेला दोर, टायरची ट्यूब कायम बांधलेली ठेवा. सहा-सात वर्षांच्या ताईवर धाकट्याला सोपवून रानात जाऊ नका. ती स्वतःच लहान आहे.

शहरात पाण्याखालोखाल भीती गाडीची. मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या आरशात दोन फुटांचं पोर दिसत नाही. पार्किंग म्हणजे अंगण नव्हे. तिथे पोराचा हात हातातच हवा, वॉचमन ओळखीचा असला तरी.

खाऊचं थोडक्यात सांगतो. पळत्या पोराच्या मागे वाटी घेऊन फिरणाऱ्या आया बागेत रोज दिसतात. धावताना घास अडकतो. आधी बसवा, मग भरवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष या वयात नकोच. काही अडकलंच तर न दिसणारी वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा आणि कुणाला तरी 108 वर फोन करायला सांगा. आणि बाहेर खेळताना कुत्रा चावला किंवा त्याचं नख लागलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. तिखट, चुना, हळद काही लावू नका.

सोसायटीच्या समित्यांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून टाकले की स्वच्छ दिसतं, पण मग पोरांनी मातीत खेळायचं कुठे? एक कोपरा उघडा ठेवा. आणि येत्या रविवारी जमिनीखालच्या टाकीचं झाकण कुणाला तरी पाठवून नव्हे, स्वतः जाऊन उचलून बघा. सहज उचललं गेलं तर त्याच दिवशी त्याला कुलूप लावा.