सुबह काजिबचा उजेड येतो कुठून?

रमजानमध्ये आता आपण मोबाईलवर वेळ पाहतो आणि पाण्याचा पेला खाली ठेवतो. आमच्या लहानपणी, नांदेडजवळच्या गोदाकाठच्या गावात, दादी अंगणात जाऊन पूर्वेकडे बघायच्या. तिकडे फिकट उजेड दिसला की आम्ही मुले घाईने घास गिळायचो. दादी म्हणायच्या, "सावकाश खा. ही सुबह काजिब आहे. ती उभी असते. खरी सुबह आडवी पसरते."

दादींचे निरीक्षण अचूक होते. सुबह सादिकचा उजेड आपल्या हवेतून येतो. म्हणून तो क्षितिजालगत पसरतो आणि वाढत जातो. सुबह काजिबचा उजेड मात्र अवकाशातल्या धुळीचा. ग्रह ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतात, त्याच पातळीत ही धूळ पसरलेली आहे. सूर्य क्षितिजाखाली खोल असतानाही त्याचे किरण तिच्यावर पडतात आणि खाली रुंद, वर निमुळता पट्टा दिसतो. अरबांनी त्याला 'लांडग्याची शेपटी' म्हटले.

ही धूळ येते कुठून? धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचा बर्फ उडतो आणि कण मोकळे होतात. लघुग्रह एकमेकांवर आदळतात, त्यांचाही चुरा होतो. यातली हजारो टन धूळ दरवर्षी पृथ्वीवर येते. नासाची विमाने सुमारे 20 किलोमीटर उंचीवर तेलकट पट्ट्यांवर हे कण पकडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या तळच्या गाळातून, वातावरणात वितळून गोल झालेले असे कण वेचले आहेत.

कणांत ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, लोह-गंधकाची खनिजे, काचेसारखे दाणे आणि कार्बन सापडतो. पायरॉक्सीन तर आपल्या लातूर-नांदेडच्या काळ्या दगडातही आहे! पण धुळीतले काही दाणे सूर्याच्याही आधीचे आहेत.

आज नांदेड-लातूर शहरांत दिव्यांच्या झगमगाटात हा उजेड दिसत नाही. आपल्या मुलांनी 'सुबह काजिब' हा शब्द ऐकला आहे, पाहिलेली मात्र नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, चंद्र नसलेल्या रात्री गावी मुक्काम करा. सूर्योदयाच्या दीड-पावणेदोन तास आधी मुलांना उठवून शेतात न्या. आधी उभा उजेड दाखवा, मग आडवा पसरणारा. सहरी-नमाजची वेळ मशिदीच्या तक्त्याप्रमाणेच पाळा, पण त्या वेळेमागचे आकाश मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहू द्या.